रुक्सांद्राचा उजवा हात

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या सभागृहात मागच्या भिंतीशी ठेवलेला, ज्याच्यावर तुम्ही हिवाळ्यात कोट आणि दप्तरं टाकता, तो जुना काळा पियानो म्हणजे मी. माझा एक पाय वेगळ्या लाकडाचा आहे. मधल्या काही पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. आता मला कुणी वाजवत नाही आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. मला जे सांगायचं आहे ते माझ्याबद्दल थोडं आणि एका बाईबद्दल जास्त आहे. तिचं नाव रुक्सांद्रा बुजोर. एके काळी याश शहरातल्या भिंतींवर हे नाव मोठ्या अक्षरांत लागायचं. आज ते तुमच्या शिक्षकांनाही आठवत नाही.

माझा जन्म बोहेमियातल्या एका लहान गावात झाला. डोंगरातलं एक उंच झाड तोडून त्याच्या फळ्या कितीतरी वर्षं नुसत्या वाऱ्यावर सुकत ठेवल्या होत्या. त्यातून माझी छाती घडली. मग लोखंडी चौकट आली, तारा आल्या, लोकर चढवलेल्या हातोड्या आल्या. ज्या म्हाताऱ्या कारागिराने मला पहिल्यांदा सुरात लावलं, तो काम संपल्यावर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "जा, चांगल्या घरी पड." मुलीला सासरी धाडताना बापाचा आवाज होतो, तसा त्याचा आवाज झाला होता.

चांगल्या घरीच पडलो. याशमधल्या ताऊतु वकिलांनी आपल्या मुलीसाठी, अग्लायासाठी, मला आणलं. ती माझ्यावर शिकली आणि पुढे संगीतशाळेत शिकवू लागली. मग युद्ध आलं. खिडक्यांच्या काचा फुटल्या तेव्हा तिने आपल्या गाद्या काढून माझ्यावर घातल्या. युद्ध संपलं, वकील गेले, घर सरकारजमा झालं आणि एकेका खोलीत एकेक कुटुंब राहायला आलं. अग्लायाबाईंकडे एकच खोली उरली. तिच्यात एक पलंग, एक शेगडी आणि मी. पलंगापेक्षा मीच जास्त जागा अडवत होतो, तरी त्यांनी मला कधी परका होऊ दिलं नाही.

मागच्या खोलीत झाम्फिरा राहायची. इस्पितळाच्या धुलाईखान्यात ती चादरी धुवायची. तिचा नवरा आघाडीवरून परतला नव्हता. तिची मुलगी रुक्सांद्रा दिवसभर एकटीच असे. एके दुपारी बाईंकडे शिकायला येणारा एक मुलगा पुन्हा पुन्हा एकाच जागी चुकत होता, आणि भिंतीपलीकडून कुणीतरी ती जागा बरोबर गुणगुणून दाखवत होतं. बाईंनी उठून दार उघडलं. समोर ही पोर, पायांत आईचे भलेमोठे बूट.

"कुणी शिकवलं तुला हे?"

"तुम्ही."

"मी कधी शिकवलं?"

"रोज शिकवता की. भिंत पातळ आहे."

संध्याकाळी झाम्फिरा ओशाळी होऊन आली. "बाई, पोरगी त्रास देत असेल तर खुशाल कानाखाली द्या."

"त्रास देतेच आहे. उद्यापासून माझ्याकडे पाठव."

"काय करायला?"

"वाजवायला."

"वाजवून काय होतं, बाई?"

"ते मलाही अजून नीट कळलेलं नाही," अग्लायाबाई म्हणाल्या. "पाठव तू."

अशी रुक्सांद्रा माझ्यासमोर आली. तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते. पण तिने पहिल्यांदा पट्टीवर बोट ठेवलं तेव्हा मला जाणवलं, की ही मुलगी आधी ऐकते आणि मग दाबते. बहुतेक माणसं उलटं करतात.

अग्लायाबाई दुष्ट नव्हत्या. धडा चांगला झाला की त्या लिंडनच्या फुलांचा चहा करायच्या आणि बशीत थोडा मुरंबा वाढायच्या. पण विश्रांती हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता. त्यांच्या गुरूने त्यांना तसंच शिकवलं होतं. मुलीने मनगट चोळलं की त्या म्हणायच्या, "दुखतंय? छान. म्हणजे सराव अंगी लागतोय." रुक्सांद्राने ते मनावर घेतलं. हळूहळू दुखलं नाही की तिलाच चुकल्यासारखं वाटू लागलं.

पुढची वर्षं भराभर गेली. ती बुखारेस्टला शिकून आली, तिथे बक्षीस मिळवून आली. याशच्या फिलहार्मोनिक सभागृहात तिची पहिली मैफल झाली तेव्हा झाम्फिरा धुलाईखान्यातल्या सगळ्या बायकांना घेऊन गेली होती. मग प्राग, सोफिया, वॉर्सा. याशमध्येच कोपोऊच्या चढावर नव्या इमारतीत तिला आणि झाम्फिराला घर मिळालं, आणि त्याच दिवशी अग्लायाबाईंनी मला तिच्याकडे धाडून दिलं.

"बाई, तुमच्याकडे मग काय राहील?" रुक्सांद्राने विचारलं होतं.

"खोलीत हिंडायला जागा राहील. इतकी वर्षं पोट आत घेऊन चालतेय मी."

जिना चढवताना हमालांच्या हातून मी निसटलो आणि माझा एक पाय मोडला. इमारतीतल्या सुताराने दुसरा बसवला. त्याचा रंग कधी जुळला नाही, पण ते सुखाचे दिवस होते आणि रंगाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सकाळी दात घासायच्याही आधी रुक्सांद्रा माझ्याकडे यायची आणि एक संथ, साधी चाल वाजवायची. जणू मी झोपलो आहे आणि मला दचकवायचं नाही. खालच्या मजल्यावरच्या बाई भाजी निवडायला मुद्दाम जिन्यात येऊन बसायच्या. थंडी वाढली की झाम्फिरा माझ्या अंगावर आपली लोकरीची गोधडी टाकायची. एखादी तार जराशी उतरली की लगेच सूर लावणाऱ्याला बोलावणं जायचं. मित्रांनो, पियानोला याहून वेगळं काय लागतं?

एका उन्हाळ्यातली सकाळ मला विसरता येत नाही. ती नेहमीची चाल वाजवत होती. एका जागी तिच्या उजव्या हाताची अनामिका पट्टीवर उतरायच्या ऐवजी आत वळली. सूर उमटलाच नाही. थांब्यावर न थांबता निघून गेलेल्या ट्रामकडे माणूस बघतो तशी ती त्या बोटाकडे बघत राहिली. मग तिने ती जागा पुन्हा वाजवली. बोट पुन्हा वळलं.

त्या दिवसापासून तिचा सराव वाढला. तेवढी एक जागा ती सकाळ संध्याकाळ घोटत बसायची आणि जितकी घोटायची तितकं बोट हट्टाला पेटायचं. काही दिवसांनी करंगळीही त्याच्या मागोमाग जाऊ लागली. मग रुक्सांद्राने चोरवाटा शोधल्या. जिथे चौथं बोट हवं तिथे ती तिसरं टाकायची, उजव्या हाताचे सूर डाव्याने उचलायची. ऐकणाऱ्याला काही कळत नव्हतं. तोच हात कांदा सफाईने चिरायचा, बटणं लावायचा, काचेचा पेला धरायचा. फक्त माझ्या पट्ट्यांवर आला की तो तिचा राहत नव्हता.

"अगं, जेवायचं सोडून तेच तेच काय वाजवतेस?" झाम्फिरा विचारायची.

"बसत नाहीये, आई."

"काय बसत नाहीये?"

"काही नाही. तू वाढ."

अग्लायाबाई रविवारी यायच्या. काठी बाजूला ठेवून, डोळे मिटून ऐकायच्या. एका रविवारी एका जागी त्यांनी डोळे उघडले, तिच्या हाताकडे पाहिलं आणि पुन्हा मिटून घेतले. चहा घेतला, थंडीबद्दल बोलल्या आणि गेल्या.

त्या हिवाळ्याच्या शेवटी बुखारेस्टला मोठ्या वाद्यवृंदाबरोबर रुक्सांद्राची मैफल ठरली. सगळ्या देशाला ती रेडिओवरून थेट ऐकवणार होते. त्यानंतर तिला पश्चिमेकडच्या देशांत पाठवायचं अशी बोलणी चालू होती.

मैफलीच्या संध्याकाळी घरात लगीनघाई होती. झाम्फिराने चीज आणि शेपू भरलेल्या प्लाचिंता भाजल्या. खालच्या बाई आल्या, अग्लायाबाई आल्या. रेडिओ माझ्या पाठीवरच असायचा. आधी वाद्यवृंद सुरू झाला आणि मग रुक्सांद्रा. तो पियानो दुसरा होता, माझ्यापेक्षा किती तरी मोठा, पण हात तिचाच होता. पहिला भाग सुरेख झाला. दुसरा तर इतका हळुवार झाला की झाम्फिराने हातातली बशी वाजू नये म्हणून मांडीवर ठेवून दिली.

"ही आमची," ती खालच्या बाईंना कुजबुजत म्हणाली, जणू त्यांना ठाऊकच नव्हतं.

शेवटच्या भागात उजव्या हाताची एक लांब धाव होती. तिच्यात चोरवाट निघत नव्हती. तिच्यातला प्रत्येक सूर माझ्या अंगावरून अगणित वेळा गेलेला होता, म्हणून पुढे काय होणार ते मला आधीच कळलं. सूर एकमेकांत अडकले. तिने कसंबसं सावरलं. पुन्हा तीच धाव आली आणि या वेळी सावरलं नाही. थोडा वेळ नुसता वाद्यवृंद वाजत राहिला, मग तोही विसकटत विसकटत थांबला. बुखारेस्टच्या सभागृहात कुणीतरी खोकलं, ते आमच्या खोलीत स्पष्ट ऐकू आलं. मग निवेदक घाईघाईने काहीतरी तांत्रिक कारण बोलला आणि लग्नातल्या नाचाचं गाणं लागलं.

झाम्फिराने रेडिओवर दोन चापट्या मारल्या. "मेला नेमका आत्ता बिघडला."

"असतं तसं. आमचाही परवा बिघडला होता," खालच्या बाई म्हणाल्या आणि कुणाकडे न बघता निघून गेल्या.

"झाम्फिरा, रेडिओ ठीक आहे," अग्लायाबाई म्हणाल्या.

"मग काय झालं?"

"तिचा हात गेला."

"गेला म्हणजे? पडली का ती? लागलं का काही?"

"शरद ऋतूपासून ती चौथं बोट टाळते आहे. मला ऐकू येत होतं."

झाम्फिराला हे समजायला वेळ लागला. "तुम्हाला ठाऊक होतं," ती सावकाश म्हणाली. "मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर थांबली असती. हे बोलावणं काय परत परत येतं का? मला वाटलं, एवढी एक मैफल निभावून नेईल."

"मी तुमच्या हवाली केली होती पोर, बाई."

अग्लायाबाईंनी काठी घेतली. त्या जिना उतरून गेल्या. त्या घरात त्या पुन्हा आल्या नाहीत. वर्षभरात त्या वारल्या. रुक्सांद्रा त्यांच्या अंत्ययात्रेला गेली, झाम्फिरा गेली नाही.

त्यानंतरचं मी थोडक्यात सांगतो, कारण सांगवत नाही. डॉक्टर झाले. इंजेक्शनं झाली. काळ्या समुद्राच्या काठी चिखलाचे लेप झाले. बोटाला पट्टी बांधून झाली. बुखारेस्टच्या एका नावाजलेल्या डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "हातात काहीच दोष नाही. मन रमवा. लग्न वगैरे करा." गावात कुणी म्हणे ती घाबरली, कुणी म्हणे पिऊन बसली होती. आमंत्रणं बंद झाली. भिंतींवरचे कागद पावसाने सुटून गेले आणि त्यांच्या जागी दुसरी नावं आली.

एका दुपारी रुक्सांद्रा माझ्यासमोर उभी होती. उजवा हात तिने पट्ट्यांच्या कडेवर पालथा ठेवला आणि डाव्या हाताने माझं जड झाकण वर उचलून धरलं. तशीच ती उभी राहिली. मी लाकडाचा, मला हलता येत नाही, मला ओरडता येत नाही. स्वयंपाकघरातून झाम्फिराने हाक मारली, "रुक्सा, वाटीतला चोर्बा गार होतोय गं." पुन्हा हाक आली. तिने हात काढून घेतला, झाकण अगदी हळू खाली ठेवलं आणि जेवायला गेली.

पुढे तिला संगीतशाळेत शिकवायचं काम मिळालं. काही वर्षांनी तिच्याकडे देस्पिना आर्विंते नावाची मुलगी आली. लांब वेणी, बोलणं कमी. तिने वाजवलं आणि रुक्सांद्रा खुर्चीत पुढे सरकून बसली. कितीतरी दिवसांनी ती घरात गुणगुणताना ऐकू आली. मुलगी घरीही यायची आणि माझ्यावर सराव करायची. देशभरातल्या मुलांच्या मोठ्या स्पर्धेसाठी शाळेने तिचंच नाव दिलं होतं.

एक दिवस देस्पिना वाजवता वाजवता मध्येच पान उलटण्याचं निमित्त करू लागली. एकदा, दोनदा. रुक्सांद्रा उठून तिच्याजवळ गेली.

"हात दाखव."

"काही नाही, बाई."

"माझ्याशी खोटं बोलू नकोस. कधीपासून दुखतोय?"

मुलीने खाली बघितलं. "नाताळपासून."

"कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. आई म्हणेल, नाटकं करतेय."

रुक्सांद्राने माझं झाकण लावून टाकलं. "आजपासून वाजवायचं नाही. हात बरा होईपर्यंत अजिबात नाही."

"पण स्पर्धा आहे, बाई."

"तू स्पर्धेला जाणार नाहीस."

मुलगी रडू लागली. मला वाटलं, तिला वाईट वाटलं. पण रडता रडता ती म्हणाली, "खरंच जायचं नाही ना?"

"नाही जायचं," रुक्सांद्रा म्हणाली आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन बसून राहिली. इतक्या वर्षांत तिचा चेहरा मला तेव्हा पहिल्यांदा निवांत दिसला.

दुसऱ्या दिवशी देस्पिनाला घेऊन तिची आई आली. तिने कोटसुद्धा काढला नाही.

"सकाळीच डॉक्टरांना दाखवून आले. हाताला काही झालेलं नाही म्हणाले."

"मलाही तेच म्हणाले होते."

"तुमचं वेगळं आहे. तुम्ही सगळ्या देशासमोर बंद पडलात. म्हणून काय माझ्या पोरीनं घरी बसायचं?"

"तिला विचारा. तिला दुखतंय."

"कुणाला दुखत नाही? मी दिवसभर यंत्रावर उभी असते, माझे पाय दुखत नाहीत?" ती क्षणभर थांबली. "खरं सांगू का, बाई? तुम्हाला तिचं वाजवणं बघवत नाही. दुसरं काही नाही."

रुक्सांद्रा मुलीकडे वळली. "देस्पिना, काल मला जे सांगितलंस ते आईला सांग."

देस्पिनाने आईकडे पाहिलं, मग माझ्या पट्ट्यांकडे पाहिलं. "आता नाही दुखत," ती म्हणाली.

मुलीला दुसऱ्या शिक्षकांकडे दिलं. शाळेच्या मुख्याध्यापकांनी आईचं ऐकलं, कारण स्पर्धेतलं नाव शाळेलाही हवं होतं. चांगल्या मुलीचं वाटोळं करायला निघालेली बाई, असं रुक्सांद्राबद्दल बोललं जाऊ लागलं आणि एकेक करून तिची मुलं दुसरीकडे गेली. वसंतात देस्पिना स्पर्धा जिंकली. वर्तमानपत्रात तिचा हसरा फोटो आला. रुक्सांद्राने तो बराच वेळ पाहिला आणि घडी घालून ठेवला.

वर्ष दीड वर्ष त्या मुलीचं नाव होतं. मग ते कुठे दिसेना. एकदा झाम्फिरा बाजारातून आली आणि पिशवी ठेवता ठेवता म्हणाली, "ती तुझी देस्पिना बसस्टँडवर तिकिटं देते आता. वाजवणं सुटलं म्हणे. हात चालत नाही."

"कुठला हात?" रुक्सांद्राने विचारलं.

"ते नाही बाई विचारलं मी."

रुक्सांद्राचं खरं होतं, हे सांगायला त्या घरी कुणी आलं नाही. आलं असतं तरी तिला त्याचा काय उपयोग होता?

तिने संगीतशाळा सोडली आणि नाट्यगृहाच्या कपडेपटात शिवणकाम धरलं. कामं घरी आणून ती माझ्या शेजारी बसून शिवायची. मखमलीवर बारीक टाका घालताना तिची अनामिका आणि करंगळी इतक्या सफाईने चालायची, की मला ते बघवायचं नाही. तिथल्या बायका म्हणायच्या, काय हात आहे बाईंचा.

मग ते कडक हिवाळे आले, तुमच्या आईवडिलांना विचारा. इमारतीला ऊब देणारी यंत्रणा बंद झाली, नळ गोठले. झाम्फिरा एका जानेवारीत न्यूमोनियाने गेली. माझी छाती तडकली, पट्ट्या फुगल्या. सूर लावायला येणारा माणूस देश सोडून गेला होता. रुक्सांद्राने तुमच्या शाळेला निरोप पाठवला, की पियानो घेऊन जा.

मला न्यायला आलेल्या हमालांपैकी एकाने पट्टे बांधता बांधता विचारलं, "बाई, तुम्ही वाजवता का?"

"नाही," ती म्हणाली. तिने मान वर केली नाही. ती कुठल्याशा राणीच्या झग्याची किनार शिवत होती.

मित्रांनो, मला पुसा, माझ्यावरची दप्तरं काढा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझी काळजी पुष्कळ झाली. मला गाद्या मिळाल्या, गोधडी मिळाली, माझी तार उतरली की माणूस धावत यायचा. त्यातली थोडीशी काळजी त्या हाताच्या वाट्याला आली असती तर बरं झालं असतं. तुमचं काही दुखत असेल तर सांगा, आणि एकाने नाही ऐकलं तर दुसऱ्याला सांगा. तुमच्या शेजारचा कुणी सांगत असेल तर त्याला नाटकी म्हणू नका. वेळ गेल्यावर काय उरतं, ते मी कोपोऊच्या त्या घरात शेवटच्या दिवसापर्यंत पाहिलं आहे. सकाळ व्हायची. एक बाई येऊन माझ्यासमोर बसायची, झाकण उघडायची, दोन्ही हात मांडीवर ठेवून पट्ट्यांकडे बघत राहायची. आणि मग उठून चहा टाकायला जायची.